नियामक टी कोशिका

नियामक टी कोशिका : शरीराच्या स्वतःच्याच ऊतकांवर (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांच्या समूहांवर) होऊ पाहणारा प्रतिरक्षा यंत्रणेचा हल्ला रोखणाऱ्या लसीका कोशिका. १९६९ मध्ये जपानी संशोधकांना असे आढळले की, तीन दिवसांच्या उंदराच्या पिलातील यौवनलोपी ग्रंथी (छातीच्या पुढील भागातील, वयात आल्यावर लहान होत जाणारी ग्रंथी) काढल्यास माद्यांचे अंडाशय नष्ट होतात. टी कोशिका याच ग्रंथीत परिपक्व होतात. तेव्हा ती काढल्यावर प्रतिरक्षा दुबळी व्हावयास हवी होती. प्रत्यक्षात ती स्वतःच्याच शरीरावर उलटली होती. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये सीडी–२५ हे प्रथिन पृष्ठभागावर धारण करणाऱ्या टी कोशिका इतर टी कोशिकांना आवरतात, असे दाखविले. फॉक्सपी–३ या जनुकातील दोषामुळे मुलग्यांना तान्ह्या वयातच मधुमेह, तीव्र अतिसार व त्वचाशोथ होतो, हे २००१ मध्ये समजले. नियामक कोशिका घडविणारे जनुक हेच, असे २००३ मध्ये सिद्ध झाले. या शोधांबद्दल साकागुची, मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

यौवनलोपी ग्रंथीत शरीरातील प्रथिनांशी अतिशय घट्ट बद्ध होणाऱ्या बहुतेक टी कोशिका नष्ट केल्या जातात. काहीशा कमी बलाने बद्ध होणाऱ्यांपैकी काही नियामक बनतात. त्यासाठी इंटरल्यूकीन–२ या संदेशवाहक प्रथिनाची जोड लागते. सीडी–२५ हा त्याच्याच ग्राहीचा भाग होय. नियामक कोशिका स्वतः हे प्रथिन जवळजवळ निर्माण करीत नाहीत. ते उत्तेजित झालेल्या इतर टी कोशिकांकडून मिळते. म्हणजे ज्यांना आवरावयाचे त्यांच्याच बळावर आवरणाऱ्या पोसल्या जातात. ग्रंथीबाहेर, विशेषतः आतड्यात, टीजीएफ–बीटा या प्रथिनामुळे साध्या टी कोशिकाही नियामक बनतात. मात्र सोबत इंटरल्यूकीन–६ असल्यास त्याच कोशिका शोथकारक बनतात. एकच संदेश कोणाच्या संगतीत येतो, यावर असे बरेच अवलंबून असते.

पुणे येथील राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातील मोहन वाणी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये संधिशोथ झालेल्या उंदरांना इंटरल्यूकीन–३ दिले. त्यामुळे रोगाची तीव्रता घटली आणि घटलेल्या नियामक कोशिका पुन्हा वाढल्या. हा परिणाम अप्रत्यक्ष होता : इंटरल्यूकीन–३ मुळे इतर टी कोशिका इंटरल्यूकीन–२ स्रवतात व त्यावर नियामक कोशिका वाढतात. कर्करोगात मात्र अशी वाढ घातक ठरू शकते, कारण अर्बुदात जमलेल्या नियामक कोशिका त्याचेही रक्षण करतात.