अंगातली शेगडी

थंडीच्या दिवसांत दप्तर, बाक, पाटी सगळं गारठतं. तुमचं अंग मात्र आतून ३७ अंशांवरच! ही ऊब येते कुठून?

पॅरिसमध्ये १७८२-८३ च्या हिवाळ्यात लाव्हाझिए आणि लाप्लास या शास्त्रज्ञांनी एका भांड्यात गिनीपिग ठेवला आणि भोवती बर्फ भरला. बाहेरची उष्णता आत शिरू नये म्हणून त्याभोवती बर्फाचाच आणखी एक थर! दहा तासांत आतला सुमारे ४०० ग्रॅम बर्फ वितळला. पाणी तोललं, की उष्णता मोजून झाली. (बिचाऱ्या प्राण्याला कुणी विचारलं नाही!) मग त्याच्या श्वासातून निघतो तेवढाच कार्बन डायऑक्साइड देणारा कोळसा जाळला, तर किती बर्फ वितळेल, याचा हिशेब केला. आकडे तंतोतंत नव्हे, पण जवळ आले. म्हणजे श्वास घेणं हे संथ जळणंच! शेगडीत कोळसा, आपल्यात भाकरी. फक्त ज्वाळा नाही. पेशींतल्या तंतुकणिका हे काम टप्प्याटप्प्याने करतात.

एक किलो पाणी एक अंशाने तापवणारी उष्णता म्हणजे एक किलोकॅलरी. एक ग्रॅम साखरेतून अशा सुमारे ४ मिळतात, तुपातून ९.

झोपेतही ही शेगडी विझत नाही. मेंदू वजनाने जेमतेम २ टक्के, पण स्वस्थ पडल्यावर लागणाऱ्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा तोच खातो! परीक्षेच्या सकाळी पोहे तसेच टाकून पळालात, तर तो यकृतातल्या साठ्याकडे साखर मागतो. आणि तो साठा रात्रभरात बराच रिकामा झालेला असतो.