नावापुरती प्रथिने

नालासोपाऱ्यात आचोळे रोडवरच्या एखाद्या क्लासमध्ये बारावीचे श्वसन शिकवताना फळ्यावर ‘सायटोक्रोम सी’ लिहिले, की पोरे निमूट उतरवून घेतात. इलेक्ट्रॉन वाहून नेणारे प्रथिन, एक-दोन मार्क, विषय संपला. या एका प्रथिनाची ओळख पटायला किती काळ गेला, ते परीक्षेला येत नाही.

चार्ल्स मॅकमन या डॉक्टरने १८८० च्या दशकात प्राण्यांच्या स्नायूंत हे रंगद्रव्य पाहिले होते. होप-झायलर यांच्यासारख्या मातब्बर रसायनशास्त्रज्ञाने ते खोडून काढले आणि विषय चाळीसएक वर्षे पडून राहिला. १९२५ मध्ये केंब्रिजला डेव्हिड केलिन यांनी तो पुन्हा उभा केला. त्याच केंब्रिजला पुढे कमला भागवत पोहोचल्या. लेखिका दुर्गा भागवत यांची बहीण, लग्नानंतरच्या कमला सोहोनी. बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, तेव्हा हटून बसून तो मिळवलेली ही बाई. बटाट्यावर काम करताना सायटोक्रोम सी वनस्पतींतही असते, हे त्यांनी दाखवले. १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली, प्रबंध अवघा ४० पानांचा. आजच्या जाडजूड, परीक्षकही चाळूनच ठेवत असतील अशा प्रबंधांपुढे हेवा वाटावा असा. (पुढे मुंबईत त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यांवर काम केले. ताडांच्या वसईने तरी हे नाव विसरू नये.)

खरी गंमत १९९६ ची. शाओडाँग वांग यांच्या प्रयोगशाळेत दिसले, की हेच प्रथिन मायटोकाँड्रियातून बाहेर पडले की पेशी स्वतःचा अंत ओढवून घेते. ज्याचे काम ७० वर्षे पाठ होते, त्याचे हे दुसरेच काम निघाले.

मग ज्यांचे एकही काम ठाऊक नाही त्यांचे काय? २००१ मध्ये मानवी जनुकसंचाचा मसुदा आला. प्रथिने घडवणारी जनुके पुढे सुमारे २०,००० भरली. २०१४ मध्ये बंगळूरची इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मेटिक्स आणि अमेरिकेतले जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ यांनी १७,२९४ जनुकांची प्रथिने प्रत्यक्ष ऊतींत दाखवली. तरीही २०१८ मध्ये, अस्तित्व सिद्ध पण काम अज्ञात अशी प्रथिने बाराशेच्या वर होती. त्यांतली ५० तीन वर्षांत उलगडायची, असे जगभरच्या गटांनी ठरवले.

ही प्रथिने बिनकामाची असतील असे कोणी समजू नये. ‘सी९ओआरएफ७२’ हेही एके काळी असेच एक, नाव कसले, नवव्या गुणसूत्रावरचा नोंदक्रमांक. २०११ मध्ये कळले, की स्नायू लुळे पाडणाऱ्या एएलएस या आजाराचे युरोपीय वंशाच्या रुग्णांतले सर्वांत मोठे आनुवंशिक कारण याच्याच जनुकात आहे. २०२३ मध्ये केंब्रिज-ऑक्सफर्डच्या संशोधकांनी, माणसातही आढळणारी पण काम अज्ञात असलेली २६० जनुके फळमाशीत दाबून पाहिली. कित्येकांवाचून माशी जगलीच नाही.

तरी पीएच.डी.चा विद्यार्थी या वाटेला जात नाही. त्याला दोष कसा द्यावा? जेआरएफ-एसआरएफ या संशोधनवृत्त्या मिळून पाच वर्षे. अनोळखी प्रथिन हुडकायला लागणारी अँटिबॉडी बहुधा मिळत नाही, मिळाली तर भरवशाची नसते, आणि पेपर लांबला की गाइड पी५३ या बहुचर्चित प्रथिनाकडे वळवतात. पी५३ महत्त्वाचे आहेच. पण तिथली गर्दी सकाळच्या नालासोपारा फलाटासारखी झाली आहे.

गाइडमंडळींना एवढीच विनंती: विद्यार्थ्याला ओळखीच्या प्रथिनाबरोबर एक बेनामीही द्या, आणि ‘काम सापडले नाही’ असे एखादे प्रकरण प्रबंधात आले, तरी ते मान्य करा.