सूचनेची भाषा : लष्करी वाहन आणि कार्बन मोनॉक्साइड

‘सावध राहा’ एवढी सूचना येथे अपुरी ठरते. कारण या वायूला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा 200 हून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखते, गरगरते, गुंगी येते. आणि गुंगीत धोक्याचे भानच हरपते. म्हणून अमेरिकी लष्कराच्या वाहन-पुस्तिका थेट कृती सांगतात : बंदिस्त जागेत इंजिन चालू ठेवू नका, इंजिन चालू असता वाहनात झोपू नका, सायलेन्सरची गळती तपासा. रासायनिक हल्ल्यासाठीचा मुखवटा हा वायू अडवत नाही, हेही त्या बजावतात. मला हेच वाक्य सर्वांत मोलाचे वाटते. सैनिकाचा चुकीचा भरवसा लेखकाने आधीच ओळखला आहे. बाधिताला तत्काळ मोकळ्या हवेत न्यावे, चालवू नये.