शून्य आलं, मग परत कशाला?

"दहापैकी त्रास किती?" हा प्रश्न मी समुपदेशनाच्या खोलीत रोज विचारते. शून्य म्हणजे मुळीच नाही, दहा म्हणजे असह्य.

महामार्गावरचा अपघात आठवून एका ताईंनी नऊ सांगितले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) यजमान बचावले, पण 'लवकर चला म्हणून मीच घाई केली, चूक माझीच' हे त्यांच्या मनातून जाईना. आम्ही ईएमडीआर उपचार सुरू केले. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शापिरो यांनी १९८७ मध्ये या पद्धतीचा पाया घातला. नकोशी आठवण मनात धरून थेरपिस्टच्या हलत्या बोटांमागे नजर फिरवायची, असे तिचे ढोबळ स्वरूप. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१३ मध्ये तिची शिफारस केली.

तिसऱ्या बैठकीत आकडा शून्यावर आला. पुढच्या आठवड्यात यजमान म्हणाले, "मॅडम, बरी झाली की हो! आता परत कशाला यायचं?"

या उपचाराचे आठ टप्पे आहेत. शेवटचा फेरतपासणीचा, आणि तो पुढच्या बैठकीच्या सुरुवातीला येतो. शून्य घरी टिकला का? झोप लागली का? नवीन काही आठवलं का? तीच आठवण समोर आणून आकडा पुन्हा विचारायचा.

"शून्यच," ताई म्हणाल्या. मग हळूच, "पण बसस्टँडवर कुणीतरी 'नीरु तर्री' ओरडलं आणि माझे हातपाय गार पडले."

अपघातानंतर जमलेले लोक हेच ओरडत होते. ताई सारे मराठीत सांगत होत्या. तो आवाज कानडीतच राहून गेला होता. मीही कधी विचारले नव्हते. त्याचा आकडा निघाला सात.

पुढच्या दोन बैठका त्या दोन शब्दांवर गेल्या. 'चूक माझी नव्हती' हे किती खरे वाटते, तेही आम्ही एक ते सातमध्ये मोजतो. ते दोनवरून सहावर आले.

घरच्यांना एवढेच सांगणे : "बरी झालीस ना?" असे सारखे विचारू नका. झोप, दचकणे, एखादा रस्ता टाळणे याकडे लक्ष ठेवा. आकडा पुन्हा चढला म्हणजे उपचार फसला असे नव्हे. काम कुठे उरले ते कळले. आणि बोटे फिरवण्याचा प्रयोग घरी नको, त्यासाठी प्रशिक्षित थेरपिस्टच हवा.

परवा ते दोघे त्याच रस्त्याने गेले. वाटेत गाडी थांबवून ताईंनी टपरीवाल्याकडे स्वतःच पाणी मागितले. कानडीतून.