चिऱ्याच्या भिंतीआड

गोव्याची सहल म्हटली की समुद्र, मंगेशी-शांतादुर्गा आणि काजूची पाकिटं! आमच्या भिशीच्या बायकांची यादीही तीच. पण जुन्या गोव्यात बॉम जेझूसचं चर्च बघून झालं, बसला अवकाश होता, म्हणून आम्ही पाच-सहाजणी जवळचा चढ चढून गेलो.

वर सेंट ऑगस्टीनच्या मठाचे अवशेष आहेत. १६०२ मध्ये पूर्ण झालेलं हे चर्च एके काळी दिमाखात उभं होतं, मनोरा ४६ मीटर उंच. पोर्तुगीज सरकारनं १८३५ मध्ये गोव्यातले मठ बंद केले, साधू गेले, आणि घराला माणूस नसलं की काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. १८४२ मध्ये छप्पर कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचाही निम्मा भाग गेला, १९३८ मध्ये आणखी काही भाग पडला. उरलाय तो जांभ्या चिऱ्याचा सुळका.

चिरा कसा असतो हे आम्हा कोकणातल्या बायकांना कुणी सांगायला नको. चुन्याचा गिलावा अंगावर आहे तोवर तो टिकतो, गिलावा गेला की पाणी शोषतो आणि दर पावसाळ्यात थोडा थोडा झिजतो. म्हणून तर गोव्यातली चर्चेस पांढरीशुभ्र असतात. बॉम जेझूसचा गिलावा १९५० च्या दशकात काढला, लाल चिरा उघडा पडला. फोटोत छान दिसतो हो, पण आज त्याचीच काळजी आहे.

पण माझं लक्ष रस्त्यापलीकडच्या भिंतीवर. ती सेंट मोनिकाच्या मठाची, जोगिणींच्या. जाडजूड चिरा, बाहेरून भल्यामोठ्या आधारभिंती, तीन मजले. आत चौक, त्यात बाग. म्हणजे बागेची भिंत ती हीच, खुद्द इमारत! आपला चौसोपी वाडा आठवला. फरक एवढाच, की इथली बाई एकदा आत गेली की गेली.

आर्चबिशप मेनेझिस यांनी १६०६ मध्ये हा मठ स्थापला, १६२७ पर्यंत बांधकाम चाललं. घरंदाज पोर्तुगीज घरच्या मुली, विधवा येत. येताना हुंडाही आणावा लागे, देवाच्या घरीसुद्धा! इतका पैसा आत चाललाय म्हणून शहरातल्या कारभाऱ्यांनी तक्रारी केल्या. बाई आत गेली याची तक्रार मात्र कोण करणार?

"दिवसभर काय करत असतील गं ह्या?" आमच्या काकूंनी विचारलं. प्रार्थना, भरतकाम, गोडधोड. आपण चवीनं खातो ती बेबिंका इथल्याच एका जोगिणीनं पहिल्यांदा केली, अशी दंतकथा आहे. नारळाचं दूध, अंड्यातलं पिवळं बलक, थरावर थर, आणि प्रत्येक थर भाजेपर्यंत थांबायचं. वेळेला तोटा नव्हता तिथं!

समोरच्या अवशेषांतही एक बाई सापडली. जॉर्जियाची राणी केतेवान. धर्म सोडायला नकार दिला म्हणून इराणच्या शहानं १६२४ मध्ये तिला हाल करून मारलं. ऑगस्टीनच्या साधूंनी तिच्या अस्थी गोव्यात आणल्या. पुढे सगळं पडलं आणि त्या ढिगाऱ्यात हरवल्या. २००४ मध्ये पुरातत्त्व खात्याला हाड सापडलं, २०१३ मध्ये हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी डीएनए तपासून दुजोरा दिला, आणि २०२१ मध्ये भारतानं त्या अस्थी जॉर्जियाला भेट दिल्या. चारशे वर्षांनी माहेरी गेली बिचारी.

सेंट मोनिकाच्या बायकांना मात्र कुणी न्यायला आलं नाही. १८३४ च्या कायद्यानं नवीन मुली घेणं बंद झालं, होत्या त्यांनी मरेपर्यंत राहावं. एकेक करत कमी होत गेल्या. शेवटची जोगीण १८८५ मध्ये गेली. आज तिथं ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे, जरूर बघा.

बस आली तेव्हा सगळ्या काजूच्या भावावर बोलत होत्या. काकू एकदम म्हणाल्या, "त्या शेवटच्या बाईच्या पंगतीला कोण गं बसत असेल?"