पिल्लाचा सोळावा आठवडा

कुत्र्याच्या पिल्लाला पहिले संरक्षण आईच्या चिकातून मिळते. आईच्या रक्तातली प्रतिपिंडे चिकात उतरतात आणि पिल्लाच्या आतड्यातून त्याच्या रक्तात जातात. ही वाट जन्मानंतर जेमतेम एक दिवस उघडी असते. सडाला आधी लागलेल्या धट्ट्याकट्ट्या पिल्लाला चीक जास्त मिळतो, मागे ढकलल्या गेलेल्याला कमी. त्यामुळे एकाच वेतातल्या दोन भावंडांचे संरक्षणही सारखे नसते.

लसीकरणाची सगळी अडचण या चिकातच आहे. आईची प्रतिपिंडे खरा विषाणू आणि लसीतला दुबळा केलेला विषाणू यांत भेद करत नाहीत, दोन्ही निकामी करतात. आठवड्यागणिक ती कमी होत जातात आणि मध्ये काही दिवस असे येतात, की आजार अडवायला ती पुरत नाहीत, पण लस फुकट घालवायला पुरून उरतात. पिल्लू सर्वांत उघडे पडते ते याच दिवसांत. हे दिवस कुणाला सहाव्या आठवड्यात येतात, कुणाला बाराव्या. वरून पाहून काही कळत नाही.

म्हणून पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात देतात, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर. पुढचे डोस म्हणजे पहिल्याला दिलेले बळ, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात प्रत्येक डोस हा लस लागू पडण्याचा नवा प्रयत्न असतो आणि त्यातला शेवटचा सर्वांत भरवशाचा, कारण तोवर आईची प्रतिपिंडे बहुधा संपलेली असतात. घरोघरी नेमका तोच चुकतो. पिल्लू खेळकर, गुबगुबीत झालेले असते. दवाखान्याची फेरी पुढे ढकलली जाते. पंचेचाळीस दिवसांचे पिल्लू विकताना ‘इंजेक्शन झालंय’ असे सांगितले जाते, त्याचा अर्थ फार तर सुरुवात झाली, एवढाच घ्यावा.

या डोसांमध्ये डिस्टेंपर, संसर्गजन्य कावीळ आणि पार्व्हो या तिघांविरुद्धची लस असतेच. डिस्टेंपरमध्ये डोळे-नाक गळते, खोकला येतो आणि पुढे झटके येऊ शकतात. पार्व्हो १९७८च्या सुमारास प्रथम ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. उलट्या, रक्ताचे अतिशय घाण वासाचे जुलाब, आणि उपचार न झाल्यास काही दिवसांत मृत्यू, असा त्याचा क्रम. हा विषाणू जमिनीवर कित्येक महिने टिकतो, चपलांच्या तळव्यांवरून घरात येतो आणि साध्या साबणाला दाद देत नाही. त्याला ब्लीच लागते. पार्व्होने पिल्लू गेलेल्या घरात लस पूर्ण न झालेले दुसरे पिल्लू लगेच आणणे म्हणूनच धोक्याचे.

लेप्टो हा जिवाणूंचा आजार. उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात उतरतो आणि माणसालाही होतो. २००५च्या पुरानंतर मुंबईने तो चांगलाच अनुभवला. याच्या लसीचे सुरुवातीला दोन डोस लागतात. तिचा परिणाम फार काळ टिकत नसल्याने ती दरवर्षी द्यावी लागते, आणि पावसाळ्याआधी दिलेली बरी.

रेबीजची लस साधारण बारा आठवड्यांनंतर देतात, मग वर्षाने पुन्हा, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी. पिल्लू लहान आहे, त्याला कुठला रेबीज, हा समज जीवघेणा आहे. अनोळखी पिल्लाचे दात लागले किंवा ओरखडा उठला, तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच माणसांच्या दवाखान्यात जावे.

दवाखान्यात बहुधा दोन छोट्या कुप्या निघतात: एकीत वाळवलेली लस, दुसरीत द्रव. दोन्ही मिसळून मानेमागची कातडी चिमटीत धरून टोचतात आणि कुपीवरचा स्टिकर सोलून कार्डावर चिकटवतात. तारीख, सही आणि हा स्टिकर कार्डावर आहे ना, हे तिथेच पाहून घ्यावे. महापालिकेचा कुत्र्याचा परवाना काढताना रेबीजच्या लसीचा दाखला लागतो. ताप, उलट्या किंवा जुलाब असताना लस देत नाहीत. जंत आईच्या पोटातूनच येऊ शकतात, त्यामुळे जंताचे औषध दुसऱ्या आठवड्यापासूनच सुरू करतात. टोचल्यावर दिवसभर मरगळ चालते. तोंड सुजणे, अंगावर गांधी उठणे किंवा लागोपाठ उलट्या मात्र चालत नाहीत. असे झाले तर ते बहुधा लवकरच होते, म्हणून अर्धा तास दवाखान्यातच थांबावे.

डोस पुरे होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर, बागेत खाली सोडू नये. पण कोंडूनही ठेवू नये, कारण माणसे, गाड्या, आवाज यांची सवय लागण्याचे वय हेच असते. कडेवर घेऊन फिरवावे, लसी झालेल्या ओळखीच्या कुत्र्याशी खेळू द्यावे. रस्त्यावरून उचललेल्या पिल्लाचे वय ठाऊक नसते, तेव्हा डॉक्टर दात पाहतात. समोरचे दुधाचे दात पडून नवे येऊ लागले असतील, तर वय साधारण चार महिने धरून डोस कमी करता येतात. दुधाचे दात सगळे जागेवर असतील, तर पहिल्यापासून सुरुवात.