मीरा रोडचे दोन तुकडे

'दहिसर,मीरा रोड,भाईंदर,नायगाव' ही पश्चिम रेल्वेवरची लागोपाठची चार स्थानके. भाईंदरच्या शाळेतील पाचवीचा विद्यार्थीही ती मोजून दाखवील. संगणकाला मात्र स्थानक किंवा गाव यांतले काहीच ठाऊक नसते. त्याच्या लेखी ही बाइटांची एक लांबलचक रांग असते. तिचे अर्थपूर्ण तुकडे, म्हणजे टोकन, कसे पाडायचे ते आपणच सांगावे लागते.

डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९७२च्या सुमारास घडवलेल्या सी भाषेत स्ट्रिंगची लांबी वेगळी नोंदवत नाहीत. रांगेच्या शेवटी शून्य किमतीचा एक बाइट ठेवतात. तो आला की स्ट्रिंग संपली. तुकडे पाडणारे 'स्ट्रटॉक' हे फंक्शन याच युक्तीचा फायदा घेते. ते नवीन प्रत तयार करत नाही. स्वल्पविराम सापडला की तो पुसून तेथे शून्य लिहिते आणि तुकडा जेथे सुरू होतो तो पत्ता आपल्या हाती देते. पुढचा तुकडा हवा असेल तेव्हा स्ट्रिंगऐवजी 'नल' द्यायचे. कोठवर आलो हे फंक्शनच्या लक्षात असते. मूळ स्ट्रिंगची मात्र मोडतोड झालेली असते. ती पुन्हा लागणार असेल, तर आधी प्रत करून ठेवावी हे बरे.

विभाजक म्हणून स्वल्पविराम दिला तर वरच्या स्ट्रिंगचे चार तुकडे पडतात. स्वल्पविराम आणि रिकामी जागा अशी दोन्ही चिन्हे दिली तर पाच, कारण 'मीरा' आणि 'रोड' यांची फारकत होते. विभाजकांची यादी हा एक शब्द नसतो, त्यातले प्रत्येक चिन्ह स्वतंत्रपणे तोडते. त्यात '-' घातले, तर 'मीरा-भाईंदर'ही दुभंगेल.

खरा धोका पुढेच आहे. समजा, गुणपत्रकातील ओळ अशी आहे: '१७,आशा,६२,,७१'. क्रमांक, नाव, मराठी, गणित, विज्ञान. गणिताच्या परीक्षेला आशा गैरहजर होती, म्हणून तेथे काही नाही. स्ट्रटॉक लागोपाठ आलेले विभाजक एकच मानते. त्यामुळे रिकामा रकाना नाहीसा होतो आणि विज्ञानाचे ७१ गुण गणितात जाऊन बसतात. संगणक चूक झाल्याचे सांगत नाही, आणि ७१ हा आकडा संशय यावा असाही नाही. अशा कामाला स्ट्रटॉक वापरूच नये. 'स्ट्रचर' या फंक्शनने पुढचा स्वल्पविराम कोठे आहे ते शोधून आपणच तुकडा पाडावा. युनिक्स घराण्यातील 'स्ट्रसेप' रिकामा तुकडाही जपते, पण ते सीच्या प्रमाणित संचात नाही.

दुसरी अडचण स्मरणाची. स्ट्रटॉकला एकच खूण लक्षात ठेवता येते. साऱ्या वर्गाचा मजकूर आधी ओळींत तोडायचा आणि प्रत्येक ओळ लगेच स्वल्पविरामांवर, असे केले की आतल्या कामाची खूण बाहेरची खूण पुसून टाकते. बहुधा पहिल्या विद्यार्थ्यानंतरच काम थांबते. यावर उपाय 'स्ट्रटॉक_आर': त्यात खूण ठेवण्याची जागा आपण पुरवतो, म्हणून दोन कामे एकमेकांत गुंतत नाहीत.

आता देवनागरीचे काय? यूटीएफ-८ या संकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. काना, वेलांटी, अनुस्वार हीही वेगळी चिन्हे. म्हणून 'मीरा-भाईंदर' ३१ बाइटांचे होते: दहा चिन्हांचे तीस आणि मधल्या रेघेचा एक. स्वल्पविरामाचा संकेत ४४. देवनागरीचे सारे बाइट १२८ किंवा त्याहून मोठे असल्याने गोंधळाला वाव नाही. पण जुन्या पोथीतील मजकूर तोडण्यासाठी दंड हा विभाजक देऊन पाहा. दंड म्हणजे २२४, १६५, १६४ हे तीन बाइट, आणि स्ट्रटॉकच्या दृष्टीने हे तीन वेगळे विभाजक! 'म' म्हणजे २२४, १६४, १७४. त्यातला १७४ तेवढा उरतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाची सुरुवात २२४ने होते आणि दुसरा बाइट १६४ किंवा १६५ असतो, त्यामुळे एकही अक्षर शाबूत राहत नाही. येथे 'स्ट्रस्टर' वापरावे. ते तिन्ही बाइट त्याच क्रमाने एकत्र आले तरच सापडल्याचे सांगते.

वर्गात हे चौकटींच्या कागदावर करून पाहता येईल. एका चौकटीत एक चिन्ह लिहावे, स्वल्पविराम खोडून शून्य मांडावे, आणि आशाची ओळ दोन्ही पद्धतींनी तोडायला सांगावी.